तिरप्या वाटेची वादळं

मराठी वाचकाच्या मनातलं वादळ समुद्रावरून येतं. नोव्हेंबर २००९ मधलं फयान, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर चढून आलेलं निसर्ग, पुढच्या वर्षी मे महिन्यात कोकण-गोव्याला झोडपत गुजरातकडे सरकलेलं तौक्ते. या वादळांची जन्मकथा आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. समुद्राचं पाणी २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापतं, बाष्प वर जातं, त्याचे ढग होताना बाष्पातली सुप्त उष्णता सुटते, हवा आणखी हलकी होऊन आणखी वर चढते आणि तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी वारा आत धावतो. इथे हवा जवळजवळ सरळ उभी चढते. इंधन एकच, ऊबदार समुद्र. वादळ जमिनीवर आलं की हे इंधन तुटतं आणि दोन-तीन दिवसांत ते विरून जातं.

हे पुस्तक दुसऱ्या घराण्यातल्या वादळांबद्दल आहे. विषुववृत्तापासून साधारण ३० ते ६० अंशांच्या दरम्यान, म्हणजे मध्य अक्षांशांत, ती जन्मतात आणि तिथलं बहुतेक सगळं हवामान तीच घडवतात. त्यांना तापलेला समुद्र लागत नाही. ती भर हिवाळ्यात सर्वांत जोमदार असतात, कोरड्या जमिनीवरही तयार होतात, आणि एकेकाचा व्यास १००० ते ३००० किलोमीटर भरतो. निसर्गसारखी चार-पाच वादळं त्यातल्या एकाच्या पोटात सहज मावतील. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना समशीतोष्ण आवर्त म्हणतात. लंडन, न्यू जर्सी, टोरांटो इथे राहणारे मराठी लोक दर हिवाळ्यात या आवर्तांच्या खालीच जगतात. आठवड्यात दोनदा हवा पालटते, पाऊस दिवसभर संथ लागून राहतो आणि मग एकाएकी आकाश निवळून गारठा पडतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिमवादळ घेऊन येणारं नॉरईस्टरही याच घराण्यातलं.

या वादळांचं सगळं रहस्य एका गोष्टीत आहे असं मला वाटतं, आणि पुस्तकाची मांडणी मी तिच्याभोवतीच केली आहे. यांच्यात हवा सरळ वर चढत नाही. ती तिरपी चढते. वर जाताना ध्रुवाकडे सरकते, आणि तिच्या शेजारून थंड हवा खाली येताना विषुववृत्ताकडे घसरते. या तिरपेपणातून त्यांचा आकार ठरतो, ढग ठरतात, पावसाची तऱ्हा ठरते आणि मृत्यूची वेळही ठरते.

सुरुवात सूर्यापासून करावी लागते. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्याला जेवढी उष्णता मिळते तेवढी तो अवकाशात परत टाकू शकत नाही. ध्रुवाकडच्या भागाचं उलट, तिथे मिळकतीपेक्षा खर्च जास्त. तरीही उष्ण कटिबंध वर्षागणिक तापत जात नाही आणि ध्रुव गोठत जात नाहीत, कारण उष्णता सतत उत्तर-दक्षिण वाहून नेली जाते. समुद्र या कामात काही वाटा उचलतात. मोठा वाटा हवेचा. उष्ण कटिबंधात हे काम तुलनेनं सोप्या रीतीनं होतं: विषुववृत्ताजवळ हवा वर जाते, तीसेक अंशांवर खाली उतरते आणि व्यापारी वारे बनून परत येते. अठराव्या शतकात जॉर्ज हॅडलीनं या चक्राची कल्पना मांडली होती. मग हेच चक्र थेट ध्रुवापर्यंत का जात नाही?

कारण पृथ्वी फिरते. उत्तर गोलार्धात वाहणारा प्रत्येक वारा आपल्या उजवीकडे वळतो. दक्षिणेकडे ऊबदार हवा आणि उत्तरेकडे थंड हवा असेल, तर थंड हवा दाट असल्यामुळे तिच्यात वर जाताना दाब झपाट्यानं घटतो. त्यामुळे आठ-दहा किलोमीटर उंचीवर दक्षिणेकडे दाब जास्त आणि उत्तरेकडे कमी अशी स्थिती होते. हवा उत्तरेकडे निघते, उजवीकडे वळत वळत पूर्वेकडे वाहू लागते आणि तिथेच अडकते. उष्ण-थंडीची सीमा ओलांडण्याऐवजी ती सीमेला समांतर धावते. हाच तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाणं नेहमीचं आहे. जपानच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. त्यांनी अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला आणि तो फारसा कुणी वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर गेलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांच्या वैमानिकांना तोच वारा पुन्हा भेटला.

म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यानं उष्णतेची वाट अडवली जाते. जेट प्रवाह जितका वेगवान, तितका त्याच्या दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक मोठा. सूर्य फरक वाढवत राहतो, वारा सीमेच्या कडेनं धावत राहतो आणि उष्णता पलीकडे जात नाही. हे फार काळ टिकू शकत नाही. हा प्रवाह मग नागमोडी होऊ लागतो, त्याच्यात लाटा उठतात. लाटेच्या एका अंगाला ऊबदार हवेची जीभ उत्तरेकडे शिरते, दुसऱ्या अंगाला थंड हवेची जीभ दक्षिणेकडे उतरते, आणि अडलेली उष्णता शेवटी पलीकडे जाते. जमिनीवरून पाहणाऱ्याला ही लाट वादळ म्हणून दिसते.

हे सारं प्रयोगशाळेत करून पाहता येतं, आणि तो प्रयोग मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. १९५० च्या सुमारास शिकागोत डेव्ह फुल्ट्झ आणि केंब्रिजमध्ये रेमंड हाइड यांनी पाण्याची भांडी फिरत्या तबकडीवर ठेवली, कड तापवली आणि मध्य थंड केला. कड म्हणजे उष्ण कटिबंध, मध्य म्हणजे ध्रुव. भांडं हळू फिरवलं की पाणी कडेला वर येतं, मध्यावर खाली जातं, सगळीकडे सारखं; हे हॅडलीचं चक्र. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ती शांत रचना मोडते आणि मध्याभोवती पाच-सहा पाकळ्यांसारख्या लाटा उमटतात. वेग आणखी वाढवला की लाटा तुटून त्यांचे भोवरे होतात. भांड्यात ढग नाहीत, पाऊस नाही, समुद्र आणि डोंगर नाहीत. फक्त तापमानातला फरक आणि फिरणं. मध्य अक्षांशांतलं वादळ जन्मायला एवढंच पुरतं. बाष्प त्याला बळ देतं, पण मूळ जन्म बाष्पाचा नाही.

हे कळायला शंभरेक वर्षं लागली. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले अभ्यासक सगळ्याच वादळांना उभ्या चढणाऱ्या हवेची वादळं समजत होते. अमेरिकेत जेम्स एस्पी यांनी बाष्पाच्या सुप्त उष्णतेवर आपला सिद्धान्त उभारला होता आणि तो तर्काला धरून होता. तो खरा असता तर कमी दाबाच्या केंद्रावरची हवा भोवतालपेक्षा ऊबदार निघायला हवी होती. ऑस्ट्रियाच्या यूलिउस हान यांनी आल्प्समधल्या डोंगरमाथ्यांवरच्या वेधशाळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनेकदा उलटच आढळलं: जास्त दाबाच्या भागावरची हवा ऊबदार, कमी दाबाच्या भागावरची थंड. १८९० च्या आसपास या नोंदींनी जुन्या समजुतीचा पायाच काढून घेतला. वादळाला ऊर्जा मिळते कुठून, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला.

त्याचं उत्तर व्हिएन्नातल्या माक्स मार्गुलेस यांनी दिलं. हा माणूस विस्मृतीत जावा याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून पुस्तकात त्याच्यासाठी एक पूर्ण प्रकरण राखलं आहे. एका पातेल्यात मधोमध पडदा उभा करा, एका बाजूला पाणी भरा आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच तेल. पडदा काढला की पाणी तेलाखाली घसरतं, तेल पाण्यावर चढतं आणि दोन्ही हिसके खात हलू लागतात. पातेल्यात बाहेरून काहीच आलेलं नसतं. फक्त सगळ्या द्रवाचा गुरुत्वमध्य थोडा खाली आलेला असतो आणि तेवढी स्थितिज ऊर्जा गतीत उतरलेली असते. १९०३ ते १९०५ या काळात मार्गुलेस यांनी हाच हिशेब हवेसाठी मांडला. थंड आणि ऊबदार हवेचे दोन ढिगारे शेजारी शेजारी असतील आणि थंड हवा खाली पसरून ऊबदार हवा तिच्यावर चढली, तर वादळी वाऱ्याला पुरेल इतकी गतिज ऊर्जा सुटते, असं त्यांनी गणितानं दाखवलं. १९०६ मध्ये त्यांनी हवामानशास्त्र सोडून रसायनशास्त्राकडे तोंड वळवलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईत, १९२० साली, त्यांचा उपासमारीनं अंत झाला.

तेच महायुद्ध या विषयाला नॉर्वेत घेऊन गेलं. नॉर्वे तटस्थ होता, पण हवामानाच्या बातम्या आता युद्धातलं गुपित झाल्या होत्या. ब्रिटन आणि अटलांटिककडून येणाऱ्या नोंदी थांबल्या, आणि वादळं तर तिकडूनच येतात. धान्याची आयात अडखळली, देशात अन्नाची चणचण झाली. लाइपझिगहून १९१७ मध्ये बेर्गेनला आलेल्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी सरकारपुढे योजना ठेवली: दूरच्या नोंदी मिळत नसतील तर जवळच्या दाट करू, आणि शेतकऱ्यांना कापणीच्या हंगामात रोज अंदाज देऊ. १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर वेधस्थानांचं जाळं पसरलं. दीपगृहांचे रखवालदार, मच्छीमार, पाणबुड्यांवर नजर ठेवणाऱ्या नौदलाच्या चौक्या, सगळे हवेची नोंद घेऊन तारेनं बेर्गेनला पाठवू लागले.

त्या दाट नकाशांवर पूर्वी कधी न दिसलेलं काहीतरी दिसलं. कमी दाबाचं क्षेत्र गोल, सगळीकडून सारखं असं नव्हतंच. त्याच्या केंद्रातून दोन रेषा निघत होत्या, आणि रेषेच्या अलीकडे-पलीकडे तापमान, वारा, ढग सगळं एका झटक्यात बदलत होतं. दोन रेषांच्या मध्ये ऊबदार हवेची पाचर, उरलेल्या भागात थंड हवा. विल्हेल्म यांचा मुलगा याकोब त्या वेळी एकवीस वर्षांचा होता. १९१९ मध्ये त्यानं फिरत्या आवर्तांच्या रचनेवर आठ पानांचा निबंध छापला. आजही टीव्हीवरच्या हवामान नकाशात दिसणाऱ्या निळ्या त्रिकोणांच्या आणि लाल अर्धवर्तुळांच्या रेषा त्या आठ पानांतून आल्या आहेत. युद्ध नुकतंच संपत होतं, वर्तमानपत्रं आघाड्यांच्या बातम्यांनी भरलेली असत. बेर्गेनच्या तरुणांनी या रेषांनाही आघाडी असंच नाव दिलं. उष्ण आघाडी, शीत आघाडी.

त्या तरुणांत हाल्वोर सोल्बर्ग होता आणि स्वीडनहून आलेला टोर बर्गेरॉन होता. १९१९ च्या नोव्हेंबरात बर्गेरॉनच्या लक्षात आलं की मागची शीत आघाडी पुढच्या उष्ण आघाडीपेक्षा वेगानं सरकते, तिला गाठते आणि मधली ऊबदार पाचर जमिनीवरून उचलली जाते. आघाड्या अशा मिटल्या की वादळाचं वय झालं समजावं. १९२२ मध्ये याकोब आणि सोल्बर्ग यांनी वादळाचा पूर्ण जीवनक्रम मांडला: ध्रुवीय आणि उष्ण हवेच्या सीमेवर एक लहानशी लाट उठते, वाढते, खोल होते, मिटते, आणि तिच्या मागे त्याच सीमेवर दुसरी लाट उठलेली असते. तीन-चार वादळं एका कुटुंबासारखी ओळीनं येतात. एका वादळाचं आयुष्य साधारण तीन ते सात दिवसांचं.

जमिनीवर उभ्या माणसाला उष्ण आघाडी कशी दिसते हे इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिरपेपणा डोळ्यांनी पाहता येतो तो इथेच. ऊबदार हवा थंड हवेच्या उतारावर चढते, आणि तो उतार अतिशय सौम्य असतो. शंभर-दीडशे किलोमीटर पुढे गेल्यावर हवा जेमतेम एक किलोमीटर वर आलेली असते. म्हणून जमिनीवरची आघाडी सात-आठशे किलोमीटर दूर असतानाच डोक्यावर, आठ-नऊ किलोमीटर उंचीवर, पिसांसारखे ढग येतात. काही तासांनी त्यांचा पातळ पडदा होतो आणि सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. खळं पडलं की पाऊस येणार, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं मध्य अक्षांशांत तर नेमकं या कारणानं खरं ठरतं. पडदा जाड होतो, खळं पुसलं जातं, सूर्य फिकट ठिपक्यासारखा उरतो, मग तोही जातो. ढगांचा तळ खाली येत राहतो आणि संथ, लांबणारा पाऊस सुरू होतो. आघाडी सरकून गेली की हवा उबदार होते, वारा दिशा बदलतो, पाऊस थांबतो किंवा रिमझिमीवर येतो. मग मागून शीत आघाडी येते. तिचा उतार उभा असतो, त्यामुळे तिथे हवा वेगानं वर ढकलली जाते: काळे ढग, सरी, कधी विजा, तासाभराचा धुमाकूळ. त्यानंतर थंड, धुतल्यासारखी स्वच्छ हवा.

एका गैरसमजाबद्दल स्पष्ट लिहितो. दोन वायुराशी एकमेकींवर आदळतात आणि त्या टकरीतून वादळ होतं, असं चित्र अनेक पाठ्यपुस्तकांत रंगवलेलं असतं. माझ्या मते ते विद्यार्थ्याला कायमचं चुकीच्या वाटेनं नेतं. टक्कर होत नाही. थंड हवा ऊबदार हवेखाली घसरते, ऊबदार हवा थंड हवेवर चढते, दोन्ही एकमेकींच्या कडेनं वळत जातात, आणि त्या घसरण्या-चढण्यातून मार्गुलेस यांनी मोजलेली ऊर्जा सुटते.

बेर्गेनच्या चित्रात एक उणीव राहिली होती. समुद्रसपाटीवर एका चौरस मीटरवर साधारण दहा टन हवेचा भार असतो. दाब १०१० हेक्टोपास्कलवरून ९७० वर आला, म्हणजे त्या प्रत्येक चौरस मीटरवरून सुमारे चारशे किलो हवा निघून गेली. शेकडो किलोमीटर पसरलेल्या क्षेत्रावरून. जमिनीलगत तर हवा केंद्राकडे आत येत असते. दाब कमी होण्याऐवजी वाढायला हवा. म्हणजे वर, कुठेतरी, खालून येणाऱ्या हवेपेक्षा जास्त हवा बाहेर काढली जात असली पाहिजे.

ती जागा जेट प्रवाहात सापडते. नागमोडी प्रवाहात दक्षिणेकडे उतरलेलं जे खोलगट वळण असतं, त्याच्या पूर्वेच्या अंगाला वरची हवा फाकते, पसरते. तिथे खालून हवा ओढली जाते आणि जमिनीवरचा दाब पडतो. म्हणून वाढणाऱ्या वादळाचं जमिनीवरचं केंद्र वरच्या वळणाच्या बरोबर खाली कधीच नसतं. ते त्याच्या पूर्वेला काही शे किलोमीटर असतं. वादळाचा कणा वर जाताना पश्चिमेकडे झुकलेला असतो. हा दुसरा तिरपेपणा, आणि अंदाज वर्तवणारा सर्वांत आधी तोच पाहतो. झुकाव आहे तोवर वादळ खोल होत जातं. वरचं वळण आणि खालचं केंद्र एका उभ्या रेषेत आले की वरचा उपसा थांबतो, जमिनीवरून आत येणारी हवा खड्डा भरून काढते आणि एक-दोन दिवसांत वादळ विझतं. आघाड्या मिटण्याची वेळही साधारण तीच.

गणितानं हे सारं एका सूत्रात बांधलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅलिफोर्नियात ज्यूल चार्नी यांनी १९४७ मध्ये आणि लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये एरिक ईडी यांनी १९४९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच प्रश्न सोडवला: वर जाताना वेग वाढत जाणाऱ्या पश्चिमी वाऱ्यात एखादी लहानशी लाट उठली तर ती विरेल की वाढेल? उत्तर आलं की ठरावीक लांबीच्या लाटा वाढतात, आणि सर्वांत वेगानं वाढते ती सुमारे चार हजार किलोमीटर लांबीची. वाढीचा वेगही निघाला: दीड-दोन दिवसांत अडीच-तीन पट. नकाशावर दिसणाऱ्या वादळांचं आकारमान आणि आयुष्य कागदावरच्या समीकरणांतून बाहेर आलं. ईडी यांची मांडणी इतकी नेटकी आहे की पदार्थविज्ञानाचा पदवीचा विद्यार्थी ती एका दुपारी समजून घेऊ शकतो. तिच्या गाभ्याशी पुन्हा तोच उतार आहे. समान उष्णतेचे थर ध्रुवाकडे वर चढत जातात. हवा त्या थरांपेक्षा कमी उताराच्या वाटेनं वर गेली तर पोहोचेल तिथे ती भोवतालपेक्षा ऊबदारच राहते आणि आपसूक आणखी चढते. सरळ उभी गेली तर थंड पडून परत खाली येते. तिरपी वाट हीच तिला मोकळी असलेली वाट.

बाष्पाला मात्र मी कमी लेखत नाही. तिरप्या वाटेनं चढणाऱ्या ऊबदार हवेचा एक रुंद पट्टा असतो. दोनेक दिवसांत तो जमिनीलगतून सात-आठ किलोमीटर उंची गाठतो आणि तेवढ्यात दोन-अडीच हजार किलोमीटर दूर पोहोचतो. त्यातलं बाष्प निथळतं, सुप्त उष्णता सुटते आणि चढण आणखी तीव्र होते. दाब चोवीस तासांत चोवीस हेक्टोपास्कलनं पडला तर त्या वादळाला बॉम्ब म्हणायचं, ही कसोटी फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी १९८० मध्ये साठ अंश अक्षांशासाठी घालून दिली. अशी बहुतेक वादळं हिवाळ्यात गल्फ स्ट्रीम आणि कुरोशिओ या उबदार समुद्रप्रवाहांच्या आसपास होतात. २६ डिसेंबर १९९९ ला फ्रान्स ओलांडून गेलेल्या लोथर वादळाच्या वाढीतही या उष्णतेचा हात मोठा होता.

पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्रीवर आहे. बिस्केच्या उपसागरात खोल झालेलं एक वादळ मध्यरात्रीनंतर दक्षिण इंग्लंडवर आलं. माणसं झोपेत होती. अठरा जण गेले आणि सुमारे दीड कोटी झाडं पडली; झाडांवर पानं अजून शिल्लक होती आणि पावसानं जमीन मऊ झालेली होती. सर्वांत जोराचा वारा आघाडीवर नव्हता, केंद्रातही नव्हता. तो एका अरुंद पट्ट्यात, वादळाला मागून वेढणाऱ्या ढगाच्या टोकाशी होता. पुढे २००४ मध्ये कीथ ब्राउनिंग यांनी त्याची उकल केली: ढगाच्या टोकाशी तीन-चार किलोमीटर उंचीवरून हवा खाली घसरते, तिच्यात पडणारं हिम आणि पाऊस बाष्प होऊन उडतात, त्यामुळे ती आणखी थंड, आणखी जड होते आणि प्रचंड वेगानं जमिनीवर उतरते. ढगाचा तो आकार विंचवाच्या नांगीसारखा दिसतो, म्हणून त्या वाऱ्याला नांगीचं नाव पडलं. पट्टा पन्नासेक किलोमीटर रुंदीचा आणि काही तासांचाच असतो.

आपल्या मातीशी या विषयाचं नातं थेट आहे. हिवाळ्यात पश्चिमी जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला उतरतो आणि त्याच्यातल्या लाटा भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत उत्तर भारतावर येतात. पश्चिमी झंझावात म्हणून वर्तमानपत्रांत ज्यांची बातमी येते त्या याच. पंजाब-हरियाणाच्या गव्हाला त्यांचा पाऊस जीवदान देतो, हिमालयावर त्यांचं हिम साठतं. एखाद्या लाटेचं वळण नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरलं की वर थंड हवा आणि खाली समुद्रावरून आलेलं बाष्प अशी गाठ महाराष्ट्रावर पडते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये तेच झालं. मराठवाडा, विदर्भ, मध्य आणि उत्तर महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारपीट झाली. काढणीला आलेला गहू-हरभरा, उभी ज्वारी, द्राक्षं, डाळिंबं, संत्री झोडपली गेली. गारांचा ढग उभाच चढतो, पण त्याच्या डोक्यावरची थंडी आणून ठेवणारी लाट तिरप्या वाटेच्या घराण्यातली होती. आपल्या शेतकऱ्याला या घराण्याची ओळख असायला हवी असं मला फार तळमळीनं वाटतं, आणि हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं ते पहिलं कारण आहे.

पृथ्वी तापते आहे तसा या वादळांचा स्वभावही बदलेल. उत्तर ध्रुव प्रदेश इतर भागांपेक्षा झपाट्यानं तापत असल्यामुळे जमिनीलगतचा उष्ण-थंडीचा फरक तिथे कमी होतो. जेट प्रवाहाच्या उंचीवर मात्र उष्ण कटिबंध अधिक तापतो आणि फरक वाढतो. दोन ओढी परस्परविरुद्ध आहेत. बाष्पाचं गणित मात्र सरळ आहे: हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीच्या वादळातून जास्त पाऊस पडेल. शेवटची दोन प्रकरणं याबद्दल आहेत.

दक्षिण गोलार्धाला मी थोडीच पानं दिली आहेत. तिथे सगळं आरशातल्यासारखं उलट: वारा डावीकडे वळतो, वादळं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात, आणि मध्ये जमीन नसल्यामुळे ती अंटार्क्टिकाभोवती जवळजवळ अखंड ओळीनं चालत राहतात.

गणित नको असलेल्या वाचकानं ईडींच्या प्रकरणातली चौकटीतली पानं खुशाल सोडावीत. पुढचं काही अडणार नाही. नकाशे मात्र सोडू नयेत. प्रत्येक वादळासाठी दोन नकाशे समोरासमोर छापले आहेत: डाव्या पानावर ५०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर उंचीचा, आणि उजव्या पानावर समुद्रसपाटीचा. आधी डावं पान बघावं. तिथल्या रेषांमध्ये दक्षिणेकडे उतरलेलं वळण शोधावं, त्याच्या पूर्वेला बोट ठेवावं आणि तीच जागा उजव्या पानावर पाहावी. वादळ तिथे असेल. नसलं तर पान उलटून दुसऱ्या दिवशीचा नकाशा पाहावा.